परवाना, शिस्त आणि सुनावणी : परदेशातील कायदेशीर गांजा-दुकानांवरील कारवाईची ओळख

आपल्या संस्थेच्या रविवारच्या अभ्यासवर्गात बारावीच्या एका विद्यार्थ्याने आम्हाला एक प्रश्न विचारला. "सर, अमेरिकेत गांजा दुकानात उघड विकतात. सरकारच परवाना देते. मग त्याच दुकानांवर सरकार धाडी का घालते? परवाना दिला तर गुन्हा कसला?" वर्गातील काही मुले हसली, पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. त्या वेळी आम्ही थोडक्यात उत्तर दिले आणि स्मरणिकेत सविस्तर लिहू असे सांगितले. तो शब्द पाळण्यासाठी हा लेख आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. नशा करावी की करू नये, हा या लेखाचा विषय नाही. पाचवे शील ग्रहण केलेल्या घरात त्याचे उत्तर ठरलेले आहे. येथे विचार करावयाचा आहे तो कायद्याच्या एका अंगाचा. सरकार एखाद्या धोक्याच्या वस्तूच्या व्यापाराला परवाना देते, तेव्हा त्या परवान्याबरोबर कोणत्या अटी येतात, अटी मोडल्यावर कारवाई कशी होते, आणि कारवाई करणाऱ्या अधिकाऱ्यालाही कोणते बंधन पाळावे लागते, हे समजून घ्यावयाचे आहे. ज्यांनी नोकरीत 'कारणे दाखवा' नोटीस पाहिली आहे, किंवा खातेनिहाय चौकशीला तोंड दिले आहे, त्या सभासदांना यातील बरेचसे ओळखीचे वाटेल.

परवाना म्हणजे काय?

उदाहरणासाठी आपण अमेरिकेतील कोलोरॅडो हे राज्य घेऊ. नोव्हेंबर २०१२ मध्ये तेथील मतदारांनी राज्यघटनेची ६४ वी दुरुस्ती मंजूर केली. २१ वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम, गांजा जवळ बाळगण्याची मुभा तिने दिली. पुढे २०२१ च्या कायद्याने बाळगण्याची मर्यादा दोन औंस झाली. १ जानेवारी २०१४ रोजी तेथे प्रौढांसाठी परवानाधारक दुकाने उघडली. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले राज्य होय.

तेथे दुकान चालवावयाचे तर दुहेरी परवाना लागतो. एक राज्याचा. तो महसूल खात्याच्या गांजा-अंमलबजावणी विभागामार्फत मिळतो. दुसरा स्थानिक. डेन्व्हर शहरात तो शहराच्या परवाना खात्याकडून घ्यावा लागतो. यांपैकी एक गेला तरी दुकानाला टाळे लागते. मालकाची पार्श्वभूमी तपासली जाते आणि कामगारांनाही ओळखपत्रासह स्वतंत्र परवाना घ्यावा लागतो.

अटींची यादी मोठी आहे. प्रत्येक रोपाला क्रमांकाची पट्टी लावावयाची आणि रोपापासून विक्रीपर्यंतची प्रत्येक हालचाल सरकारी संगणकात नोंदवावयाची. माल परवानाधारक प्रयोगशाळेत तपासून घ्यावयाचा. दुकानात कॅमेरे हवेत आणि त्यांचे चित्रण ठरावीक दिवस जपून ठेवले पाहिजे. ग्राहकाचे वय ओळखपत्रावरून पाहिल्याशिवाय विक्री करावयाची नाही. वेष्टन लहान मुलाला सहज उघडता येणार नाही असे हवे. एका व्यवहारात एका ग्राहकाला ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक गांजा द्यावयाचा नाही.

या अटी कशासाठी? लहान मुलांपर्यंत माल जाऊ नये, विषारी माल विकला जाऊ नये, आणि कायदेशीर दुकानातील माल मागच्या दाराने चोरबाजारात किंवा शेजारच्या राज्यात जाऊ नये, हे तीन हेतू त्यामागे आहेत. परवाना हा दुकानदाराने विकत घेतलेला हक्क नव्हे. समाजाने अटी घालून त्याला दिलेली ती परवानगी आहे. अट मोडली की परवानगी परत घेता येते. विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे पहिले उत्तर हे आहे.

कारवाईच्या पायऱ्या

आता दुसरा भाग. अट मोडली असा संशय आला, की अधिकारी जाऊन लगेच दुकान कायमचे बंद करू शकतो काय? नाही. कोलोरॅडोत त्यासाठी पायऱ्या ठरलेल्या आहेत. विद्यार्थ्यांनी त्या नीट लक्षात घ्याव्यात.

पहिली पायरी तपासणीची. निरीक्षक दुकानात येऊन नोंदवही, साठा आणि चित्रण ताडून पाहतात. कधी २१ वर्षांखालील तरुणाला मुद्दाम ग्राहक म्हणून पाठवून दुकानदार ओळखपत्र पाहतो की नाही याची परीक्षा घेतली जाते. किरकोळ चूक असेल तर ताकीद देऊन सुधारण्यास सांगितले जाते.

दुसरी पायरी 'कारणे दाखवा' आदेशाची. तेथेही या कागदाला हेच नाव आहे. कोणता नियम, कोणत्या तारखेला, कशा रीतीने मोडला, हे त्यात लिहावे लागते. "तुमचे वर्तन समाधानकारक नाही" एवढे मोघम लिहून भागत नाही. परवानाधारकाला लेखी उत्तर देण्याचा अधिकार असतो. पुष्कळ प्रकरणे याच टप्प्यावर तडजोडीने मिटतात. दुकानदार चूक मान्य करतो, दंड भरतो, आणि पुढे काय सुधारणा करणार हे लिहून देतो.

तिसरी पायरी सुनावणीची. तडजोड झाली नाही तर सुनावणी-अधिकाऱ्यापुढे प्रकरण चालते. खाते पुरावा मांडते, साक्षीदार तपासले जातात, आणि परवानाधारकाच्या वकिलाला उलटतपासणी घेता येते. त्यानंतर अधिकारी कारणांसह निर्णय लिहितो. त्यावर हरकत घेता येते आणि खात्याचा अंतिम आदेश झाल्यावर न्यायालयात दाद मागता येते.

शिक्षा तीन प्रकारच्या असतात : दंड, निलंबन आणि परवाना रद्द करणे. सार्वजनिक सुरक्षिततेला धोका निर्माण करणाऱ्या उल्लंघनास दर उल्लंघनामागे एक लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. अल्पवयीनाला विक्री आणि चोरबाजारात माल वळविणे ही या वर्गातील उल्लंघने. शिक्षा ठरविताना चूक जाणूनबुजून केली की हलगर्जीपणाने, पूर्वी कारवाई झाली होती काय, आणि दुकानदाराने स्वतः होऊन काय सुधारणा केली, हेही पाहिले जाते.

या क्रमाला एक अपवाद आहे. जनतेच्या आरोग्याला किंवा सुरक्षिततेला तातडीचा धोका असेल, किंवा नियम हेतुपुरस्सर मोडला असे मानण्यास सबळ आधार असेल, तर सुनावणीपूर्वीच परवाना तात्पुरता निलंबित करता येतो. मात्र नंतर सुनावणी लवकर घ्यावी लागते. हा अधिकार कागदावरच राहू नये असे प्रसंग तेथे येतातही. झाडांवर परवानगी नसलेली कीटकनाशके फवारल्याची प्रकरणे उघडकीस आल्यावर, नोव्हेंबर २०१५ मध्ये तेव्हाचे गव्हर्नर जॉन हिकेनलूपर यांनी असा माल सार्वजनिक सुरक्षिततेस धोका समजावा असा आदेश काढला होता. विषारी माल लोकांच्या घरी जात असताना नोटिशीच्या उत्तराची वाट पाहत बसणे योग्य ठरले नसते.

आपल्याकडील तुलना येथे उपयोगी पडेल. भारतीय राज्यघटनेचे कलम ३११ सांगते की, सरकारी सेवकाला त्याच्यावरील आरोप कळविल्याशिवाय आणि बाजू मांडण्याची वाजवी संधी दिल्याशिवाय बडतर्फ करता येत नाही. काही थोडे अपवाद तेथेही आहेत. निलंबन मात्र चौकशीपूर्वी होऊ शकते. डेन्व्हरचा दुकानदार आणि आपल्याकडचा कारकून यांच्यात साम्य ते काय, असे कोणी विचारील. साम्य एवढेच की, दोघांचे पोट एका सरकारी कागदावर अवलंबून आहे, आणि तो कागद काढून घेण्यापूर्वी दोघांचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. यालाच नैसर्गिक न्याय म्हणतात.

डेन्व्हरचे प्रकरण

नियम कसे वापरले जातात हे एका प्रत्यक्ष प्रकरणावरून पाहू. डेन्व्हर परिसरात 'स्वीट लीफ' नावाची गांजा-दुकानांची मोठी साखळी होती. १४ डिसेंबर २०१७ रोजी पोलिसांनी तिच्या दुकानांवर एकाच वेळी धाडी घातल्या. सुमारे वर्षभर गुप्त तपास चालला होता. त्याच दिवशी शहराने कंपनीचे २६ परवाने निलंबित केले.

आरोप काय होता? एक ग्राहक येतो, एक औंस घेतो, बाहेर आपल्या गाडीपाशी जातो, परत येऊन आणखी एक औंस घेतो. दिवसात अशा अनेक फेऱ्या होतात. काउंटरवरचा माणूस त्याला ओळखतो, तरी विक्री करीत राहतो. प्रत्येक पावती एक औंसाची, म्हणून कागदावर सारे काही नियमात बसते. पण अशा फेऱ्यांतून दोन टनांहून अधिक गांजा चोरबाजारात गेला, असे सरकारी पक्षाचे म्हणणे होते.

कंपनीच्या बाजूने युक्तिवाद झाला तो असा. नियमात 'एका व्यवहारात' एक औंस असे लिहिले आहे, 'एका दिवसात' असे लिहिलेले नाही. ग्राहक पुन्हा आला तर तो नवा व्यवहार होतो. मग नियम मोडला कोठे?

वाचकहो, या युक्तिवादात अगदीच तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. नियमाची भाषा सैल होती. राज्याने १ जानेवारी २०१८ पासून ती घट्ट केली. त्याच दिवशी त्याच ग्राहकाला पुन्हा विक्री केल्यास त्याच्याजवळ मर्यादेपेक्षा अधिक माल होईल हे विक्रेत्याला ठाऊक असेल, किंवा ठाऊक असावयास हवे असेल, तर तो एकच व्यवहार समजावा, असे स्पष्ट करण्यात आले. ज्या नियमाची भाषा नंतर सुधारावी लागली, त्या नियमाखाली आधीच्या वर्तनाला शिक्षा द्यावी काय, असा प्रश्न साहजिकच उभा राहतो.

याचे उत्तर मूळ अटीच्या हेतूत सापडते. त्या वेळी अशा सामान्य प्रौढ ग्राहकाला एक औंसापेक्षा अधिक गांजा बाळगण्याची मुभाच नव्हती. दुसरा औंस हातात देताना पहिला औंस दाराबाहेरच्या गाडीत आहे हे विक्रेत्याला माहीत असेल, तर तो बेकायदा साठ्याला हातभार लावीत होता. सुनावणी झाली, दोन्ही बाजू ऐकल्या गेल्या, आणि जुलै २०१८ मध्ये शहराने सर्व २६ परवाने रद्द केले. फौजदारी खटला वेगळा चालला. कंपनीच्या तीन मालकांनी गुन्हा कबूल केला आणि जानेवारी २०१९ मध्ये प्रत्येकाला एक वर्षाच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली.

या प्रकरणाची एक बाजू मात्र आमच्या मनाला लागली. धाडीच्या दिवशी बेड्या पडल्या त्या बहुतांशी काउंटरवर उभ्या राहणाऱ्या तरुण विक्रेत्यांच्या हातात. फेऱ्यांची विक्री चालू ठेवावयाची की बंद करावयाची, हे धोरण ठरविण्याचा अधिकार त्यांना नव्हता. "मालकाने सांगितले म्हणून विकले" हा बचाव कायद्यापुढे पुरा पडत नाही. पण शिक्षेचा विचार करताना धोरण कोणी ठरविले आणि नफा कोणाच्या तिजोरीत गेला, हे विचारणे न्यायाचे होते. पुढे शिक्षा मालकांपर्यंत पोहोचली हे बरे झाले. आपल्याकडेही धाड पडली की प्रथम गल्ल्यावरचा पोऱ्या पकडला जातो, हे आपण पाहतोच.

कॅनडाचे प्रकरण

आता शेजारच्या कॅनडा देशात जाऊ. कोलोरॅडोत राज्याने कायदा केला; कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून साऱ्या देशासाठी एकच कायदा लागू झाला. उत्पादनाचा परवाना केंद्र सरकारचे 'हेल्थ कॅनडा' हे खाते देते. हे खाते दहा लाख कॅनेडियन डॉलरपर्यंत प्रशासकीय दंड करू शकते आणि परवाना निलंबित वा रद्दही करू शकते.

ऑन्टारियो प्रांतात 'कॅनट्रस्ट' नावाची मोठी उत्पादक कंपनी होती. तिच्या पेलहॅम येथील हरितगृहात पाच खोल्यांना अद्याप मंजुरी मिळाली नव्हती. तरीही ऑक्टोबर २०१८ ते मार्च २०१९ या काळात तेथे गांजा पिकविला गेला. कंपनीत काम केलेल्या एका कामगाराने सरकारी खात्याला कळविले की, खात्याला पाठवावयाच्या छायाचित्रांत ही झाडे दिसू नयेत म्हणून त्यांच्यापुढे खोटी भिंत उभी करण्यात आली होती. तपासणी झाली, हजारो किलो माल रोखून धरला गेला, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये परवाना निलंबित झाला. कंपनीला सुमारे ७ कोटी ७० लाख कॅनेडियन डॉलर किमतीची झाडे व माल नष्ट करावा लागला.

येथे परवाना कायमचा गेला नाही. कंपनीने व्यवस्थापन बदलले, नोंदी सुधारल्या, आणि २०२० मध्ये परवाने टप्प्याटप्प्याने पुन्हा मिळाले. निलंबन आणि रद्द होणे यांतील फरक यावरून ध्यानात येईल. निलंबनात सुधारण्याची वाट उघडी राहते. पण वाट उघडी राहिली तरी ती वाट चालण्याचा खर्च कोणावर पडला? सप्टेंबर २०१९ मध्ये सुमारे १८० कामगारांना कामावरून कमी करण्यात आले. झाडांना पाणी घालणाऱ्या, पुडे बांधणाऱ्या या माणसांनी परवान्याच्या अर्जावर सही केलेली नव्हती.

या प्रकरणाचा शेवट कायद्याच्या विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावा. २०२१ मध्ये कंपनीच्या तीन माजी वरिष्ठांवर खटला दाखल झाला आणि डिसेंबर २०२२ मध्ये ते निर्दोष सुटले. मग आधीचे निलंबन चुकीचे होते काय? तसा निष्कर्ष काढता येत नाही. परवान्याची कारवाई आणि फौजदारी खटला हे दोन वेगळे रस्ते आहेत. फौजदारी खटल्यात वाजवी संशयापलीकडे दोष सिद्ध व्हावा लागतो, आणि तो त्या ठरावीक व्यक्तीचा व्हावा लागतो. परवान्याच्या कारवाईत प्रश्न एवढाच असतो की, अट पाळली गेली की नाही. आणि तेथे पुराव्याचे पारडे कोणत्या बाजूला झुकते यावर निर्णय होतो. आपल्याकडे न्यायालयातून निर्दोष सुटलेल्या कर्मचाऱ्याची खातेनिहाय चौकशी चालू राहू शकते, ती याच कारणाने.

भार कोणावर पडतो?

शिस्त सर्वांना सारखी हवी, यात दुमत नाही. पण सारखी शिस्त सर्वांना सारखी जड पडत नाही. हे समजण्यासाठी थोडा मागचा इतिहास पाहावा लागेल.

अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन या संस्थेने २०१३ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. २०१० सालच्या आकडेवारीवरून तिने दाखविले की, गोरे आणि काळे लोक गांजा सारख्याच प्रमाणात ओढत असले, तरी गांजा बाळगल्याबद्दल अटक होण्याची शक्यता काळ्या माणसाची ३.७३ पट अधिक होती. एकाच वस्तूसाठी एका वस्तीत डोळेझाक आणि दुसऱ्या वस्तीत हातकडी, असा तो हिशोब होता. एकदा अटकेची नोंद झाली की नोकरी नाही, भाड्याने घर नाही, शिक्षणाला मदत नाही. पुढे त्याच वस्तूचा व्यापार कायदेशीर झाला, तेव्हा भांडवल असलेले लोक परवाने घेऊन दुकानदार झाले, आणि ज्यांची उमेद तुरुंगात गेली ते बाहेरच राहिले.

ही विषमता थोडी तरी कमी व्हावी म्हणून काही राज्यांनी 'सामाजिक समता' परवान्यांची योजना काढली. कॅलिफोर्नियात ओकलंड शहराने २०१७ मध्ये अशी योजना सुरू केली आणि २०१८ मध्ये त्या राज्याने अशा स्थानिक योजनांना साह्य देणारा कायदा केला. कोलोरॅडोने २०२० मध्ये समता-परवानाधारकाची व्याख्या कायद्यात घातली. पूर्वी गांजाच्या गुन्ह्यात अटक झालेल्या व्यक्तीला, तिच्या कुटुंबीयांना, किंवा अशा अटकांनी पोळलेल्या वस्तीतील रहिवाशांना या परवान्यांत प्राधान्य मिळते.

आता विचार करा. अशा नव्या दुकानदाराला पाच हजार डॉलरचा दंड झाला तर त्याचे महिन्याचे भाडे थकते. पंधरा दिवसांचे निलंबन झाले तर कामगारांचा पगार थांबतो. वीस शाखांच्या साखळीला तोच दंड किरकोळ खर्चात टाकता येतो. नियम समजावून सांगणारा वकील एकाकडे पगारी आहे आणि दुसऱ्याला तासाच्या दराने मिळतो. म्हणून शिक्षेपूर्वी ताकीद, ताकिदीबरोबर प्रशिक्षण, आणि नियमांची सोपी भाषा या गोष्टी लहान परवानाधारकासाठी अगत्याच्या ठरतात. यामुळे शिस्त ढिली होत नाही. ती समजून पाळता येते.

दुसरा मुद्दा बिनपरवाना धंद्याचा. परवानाधारक कर भरतो, माल तपासून घेतो, कॅमेरे लावतो. आणि शेजारच्या गल्लीत बिनपरवाना विक्रेता यांतील काहीही न करता स्वस्तात विकतो. निरीक्षकाला परवानाधारकाचा पत्ता कागदावरच मिळतो, म्हणून तपासणी त्याचीच वारंवार होते. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने हे ओळखून प्रशासकीय दंडात फरक केला आहे. परवानाधारकाला दर उल्लंघनामागे पाच हजार डॉलरपर्यंत, तर बिनपरवाना धंदा करणाऱ्याला तीस हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. नियम पाळावयास निघालेल्यापेक्षा नियमाबाहेर राहणाऱ्याला अधिक जरब बसावी, हे तत्त्व योग्यच आहे. ते प्रत्यक्षात किती उतरते, ते अंमलबजावणीवर अवलंबून असते.

आपल्याकडे काय?

येथे विद्यार्थी मित्रांना एक इशारा देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. वर सांगितलेले सारे त्या त्या देशाचे आहे. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने गांजा आणि चरस यांचा व्यापार, साठा व सेवन यांवर बंदी आहे. एक किलोपर्यंतचा गांजा 'अल्प प्रमाण' समजला जात असला, तरी तो बाळगल्यास एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्या कायद्याच्या व्याख्येत शेंड्याशिवायची नुसती पाने व बिया येत नाहीत. म्हणून भांगेचा विषय राज्यांच्या अबकारी नियमांकडे राहिला, आणि उत्तरेकडील काही राज्यांत भांगेचे सरकारमान्य ठेके दिसतात. पण भांग आणि गांजा एकच, असे समजून कोणी फसू नये.

परवाना आणि शिस्त यांचे आपल्याकडचे जवळचे उदाहरण म्हणजे दारूचे दुकान. १९४९ च्या आपल्या दारूबंदी कायद्यातही अट मोडणाऱ्या परवानाधारकाचा परवाना निलंबित वा रद्द करण्याची तरतूद आहे, आणि त्यावर अपीलही आहे. आपल्या वस्तीतील दुकान वेळेनंतर चालू असेल, अल्पवयीन मुलांना बाटली मिळत असेल, तर नुसती कुरकुर करून उपयोग नाही. तारीख, वेळ, साक्षीदार यांसह लेखी तक्रार द्यावी आणि तिची पोच घ्यावी. डेन्व्हरची कारवाई टिकली ती वर्षभराच्या नोंदींच्या बळावर.

परदेशात शिकावयास जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अमेरिकेत राज्याचा परवाना असला तरी संघराज्याचा कायदा वेगळा आहे. १९७० च्या संघीय कायद्याने गांजाला सर्वांत कडक बंदीच्या यादीत घातले होते, आणि राज्याच्या परवान्याने संघीय कायद्याची जबाबदारी टळत नाही. एप्रिल २०१९ मध्ये तेथील नागरिकत्व व स्थलांतर खात्याने स्पष्ट केले की, राज्यात कायदेशीर असलेल्या गांजा-व्यवसायात नुसती नोकरी केली तरी परकीय व्यक्तीच्या नागरिकत्वाच्या अर्जाला बाधा येऊ शकते. दुकानावर परवान्याची पाटी आहे, पगार चेकने मिळतो, म्हणून काम निर्धोक आहे असे समजू नये. तो परवाना मालकाला राज्यापुरते संरक्षण देतो. व्हिसावर गेलेल्या आपल्या मुलाला देत नाही.

समारोप

त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे पुन्हा वळू. परवाना दिला तर गुन्हा कसला? उत्तर असे की, परवाना अटींसह मिळतो, आणि अट मोडणाऱ्याकडून तो परत घेण्याचा अधिकार समाजाला आहे. पण त्या अधिकारालाही अटी आहेत. नियम आधी आणि स्पष्ट शब्दांत सांगितलेला हवा. आरोप लेखी हवा. पुरावा समोर ठेवला पाहिजे. बाजू मांडण्याची संधी मिळाली पाहिजे. निर्णयाला कारणे हवीत आणि त्यावर दाद मागण्याची सोय हवी. शिक्षा चुकीच्या मापाची असावी आणि ती चूक करणाऱ्यापर्यंत पोहोचली पाहिजे.

गांजा विकणाऱ्याविषयी आपल्याला ममत्व नाही. तरीसुद्धा त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय त्याचा परवाना जाऊ नये, असे आम्ही म्हणतो, याला कारण आहे. जो नियम आपल्याला न आवडणाऱ्या माणसालाही लागू होतो, तोच उद्या आपल्या रेशन दुकानदाराला, रिक्षाचालकाला, परिचारिकेला आणि कारकुनाला वाचवितो. यांपैकी प्रत्येकाचे पोट एका परवान्यावर किंवा नेमणुकीच्या कागदावर आहे.

म्हणून विद्यार्थ्यांना आमचे सांगणे आहे की, हातात कोणतीही नोटीस पडली तर घाबरून ती घडी घालून ठेवू नका. प्रथम तारीख पाहा. कोणत्या नियमाखाली आहे ते वाचा. मुदतीत लेखी उत्तर द्या आणि पोच जपून ठेवा. आणि उद्या तुमच्यापैकी कोणी अधिकाऱ्याच्या खुर्चीवर बसला, तर समोरच्याचे ऐकून घेतल्याशिवाय सही करू नका. अभ्यासवर्गातील त्या प्रश्नातून एवढे जरी आपल्या पदरात पडले, तरी तो प्रश्न विचारल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.